सतरा एक

डिसेंबरात साइमाचा कालवा गोठला
की ओइवा पुत्कोनेनच्या हाताला काम नसे.
झडपा बंद, किल्ल्या खिळ्याला.
तेव्हा कधीतरी त्याने जहाजाची एक जुनी पावती उलटी केली
आणि पाठकोऱ्या बाजूवर लिहिले
सतरा वेळा एक.

त्यांचा एक सरळसोट,
बर्फातल्या बर्चच्या खोडासारखा.
आपला १ डोक्याला गाठ मारून
खाली शेपूट सोडतो,
त्याची अशी राई झाली नसती.

आपण मोजायला बसलो तर
एकं दहं शतं करत
जलधी, अंत्य, मध्य.
आपल्याकडे अंत्यानंतर मध्य येतो,
का, ते मला कुणी सांगितले नाही.
सतरावा एक तिथे उभा,
परार्धाच्या एक पायरी अलीकडे.

तीनने? नाही, अंकांची बेरीज सतरा.
अकराने? एकाआड एक वजा केले तर एक शिल्लक.
दोन हिवाळे घालवून त्याने शोधले
की ह्या राईत शिरायची परवानगी
फक्त चौतिसाने भागून एक उरणाऱ्याला,
आणि त्यातल्या मूळ संख्या तपासल्या की पुरे.
एकशे तीन. एकशे सदतीस. दोनशे एकोणचाळीस.
रोज तीन भागाकार.
उन्हाळ्यात बोट दोन झडपांमध्ये थांबे,
पाणी चढायला वेळ लागे,
तेवढ्यात एखादा उरकायचा.
बहीण आउने आधी विचारायची, तुटला का?
चौथ्या वर्षी तिने विचारणे सोडले.

नवव्या वर्षी, मार्चमध्ये,
वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस.
बाकी शून्य.
पेन्सिलीला टोक केले, पुन्हा शून्य.
मग उलटे गुणून पाहिले.
सात त्रिक एकवीस, एक लिहिला, दोन हातचे.
पुढच्या घरात सात नि चार अकरा, पुन्हा एक.
पुन्हा एक. पुन्हा.
उजवीकडून डावीकडे खोडे उगवत गेली
आणि सतराव्याशी हातचे संपले.

आउनेला उठवले.
तिने दोन्ही आकडे दिव्याखाली धरले,
सात अंकी एक,
दुसरा पाच अब्ज छत्तीस कोटी आणि वर कितीतरी.
म्हणाली, हे दोघे इतकी वर्षं आतच होते?
हो म्हणाला.
कुणी उघडले नसते तरी?
ह्यावर तो काही बोलला नाही.
तिने कॉफी ठेवली.

अठरा एकांना त्याने हात लावला नाही,
नवाने जाते ते, पोरही सांगेल.
एकोणीस लिहिले.
ते परार्धाच्याही पलीकडचे,
तिथल्या घराला आपल्याकडे नाव नाही.
आणि एकोणीस एक कशानेच तुटत नाहीत,
एक आणि स्वतः सोडून.
हे मला माहीत आहे.
त्याला नव्हते.

खाली बर्फ करकरत होता.
एकशे एक्याण्णव. बाकी उरली.
दोनशे एकोणतीस.