दोन पॉइंट

शकूर मिस्त्रीने ऑइल बदललं, पट्टा बदलला,
कूलंटची टाकी बोटाने वाजवून म्हणाला,
जा बिनघोर, म्हैसूर काय, लंकेला जा.

उज्ज्वलाने कळण्याच्या पुऱ्या केल्या, दोन डबे,
शेव, ठेचा, ओवा,
आणि कृतिकाला गाडी लागते म्हणून
साडीच्या दुकानातल्या पिशव्या, अकरा.

दादा ओट्यावरून बघत होते.
एकतीस वर्षं चोपडा डेपो, एसटीचं स्टेअरिंग.
मोतीबिंदूनंतर चावी हातात नाही.
"हवा दोन पॉइंट कमीच ठेव," एवढंच बोलले,
"मे महिना शे. डांबर तापस."
मी ठेवली नाही.
पुस्तकात बत्तीस लिहिलंय.

रात्री अडीचला पाणी प्यायला उठलो
तर गाडीत कोणीतरी.
दिवा नाही, चावी नाही,
दादा स्टेअरिंगमागे, टोपी मांडीवर.
डावा पाय हळूच दाबत, सोडत,
हात गिअरवर. दुसरा. तिसरा.
एकदा थांबून कान दिला त्यांनी
कंडक्टरच्या घंटीला द्यावा तसा.
मी पाणी न पिताच आत आलो.

पहाटे चारला ते निमूट मागे बसले,
कृतिका आणि पाण्याच्या कॅनच्या मधे.
माझी सीट एक खाच पुढे सरकलेली.
आरशात रस्त्याऐवजी दादा.

गावाबाहेर पंपावर थांबलो,
चारही चाकांतली थोडी थोडी हवा सोडली.
मागून कुणी काही बोललं नाही.

तापीच्या पुलापर्यंत
आरसा मी तसाच ठेवला.