कुंकू लावलं की

म्हापशात शुक्रवारी बाजार, म्हणून सगुणला शुक्रवार दिला होता.
गर्दीत कुणी कुणाला पाहत नाही;
हातात मिरच्यांची पिशवी असली
की माणूस मिरच्यांसाठीच आलेला असतो.
लाडूला मंगळवार.
माझ्या खिडकीशी दोघे समोरासमोर येऊ नयेत
एवढीच माझी कारागिरी, सात वर्षांची.

सगुण हरमलकर. दशावतारी कंपनीत स्त्रीपार्टी.
दिवाळी सरली की टेम्पोत बसायचं, ते थेट मिरगापर्यंत.
आज मांद्रे, उद्या दोडामार्ग, परवा तेरेखोल ओलांडून
कुठलं तरी देऊळ, कुठली तरी जत्रा.
झोप दुपारची, वळकटीवर.
"बाई, रोज त्याच वेळी घे म्हणता.
आमची वेळ नारळ फुटल्यावर ठरते."

पहिल्या वर्षी मोबाइलला गजर लावला.
भर वस्त्रहरणात तो कमरेत वाजला.
द्रौपदीनं निऱ्यांत हात घालून बंद केला,
लोक इतके हसले
की दुःशासनही पाठ फिरवून हसला.
गोळी त्या रात्री राहिलीच.

मग आम्ही घड्याळ सोडलं.
मी विचारलं, रोज न चुकता काय करता?
"कुंकू लावतो."
ठरलं. आरशापुढे कुंकू, मग गोळी, मग कानातलं.
आणि खेळ नसेल त्या रात्री?
"आरसा असतोच की."

डबी खुळखुळते, तिच्यात कापूस घाला.
लेबल फाडू नका; वाटेत आजारी पडलात,
डॉक्टर अनोळखी असला, तर तेच तुमच्या वतीनं बोलेल.
तीन महिन्यांच्या तीन डब्या:
दोन ट्रंकेत, एक अंगाशी. ट्रंका हरवतात.
नदीपलीकडेही एक खिडकी आहे, मी फोन करून ठेवते.
हे मी शुक्रवारी सांगायचे
आणि मंगळवारी पुन्हा, त्याच शब्दांत,
त्याच कंपनीतल्या पायपेटीवाल्या लाडू शेटगांवकरला,
जो म्हणायचा, "टेम्पोत कुणाला कळलं
तर गणपतीच्या पेटाऱ्याला हात लावू देणार नाहीत."
सगुणही हेच म्हणायचा.
दोन्ही वेळा मी मान हलवली.
माझ्यापाशी एका गोष्टीचे दोन तुकडे होते
आणि जोडायला मनाई.

माघात एका पहाटे बांद्याच्या पुढे एक्सल तुटला.
ट्रंका रस्त्यावर आल्या. पेटारा कुणीतरी मांडीवर घेतला.
पायपेटी उताणी झाली
तेव्हा तिच्या पोटातून आवाज आला,
कोरडा, बारीक.
कुणी म्हणालं, एखादा सूर सुटला वाटतं.
सगुण काही बोलला नाही.
(लाडूनं कापूस घातला नव्हता.
किती वेळा सांगितलं होतं मी.)

पुढच्या मुक्कामी, रंगायच्या वेळी,
सगुणनं कुंकू लावलं, गोळी घेतली,
आणि पाण्याचा तांब्या पायपेटीकडे सरकवला.
लाडू बराच वेळ तांब्याकडे बघत राहिला.
"तुका ठावक होतां?"
"नाय. काल आयकलंय."
मग नांदी सुरू झाली.

परवा खिडकीतून दोन हिरवी पुस्तकं आत आली,
एकाच हातानं. नखांत अजून रंग.
"लाडवाच्या गोळ्या मीच नेतो. तो तापानं पडलाय."
ताप? किती दिवस? खोकला आहे?
मी पेन खाली ठेवलं. उद्या त्याला घेऊन या,
शनिवार का असेना. नुसती गोळी पाठवून भागायचं नाही.
तो हो म्हणाला. रिक्षा सांगतो म्हणाला.

रजिस्टरात एक रकाना असतो:
औषध नेणाऱ्याचे रुग्णाशी नाते.
भाऊ, बायको, आई, शेजारी
असं काहीबाही असतं तिथं.
सगुण विचारात पडला.
मागे रांग खाकरत होती.
"कंपनी," म्हणाला.
मी तसंच लिहिलं
आणि कापसाचा पुडा दिला, लाडूसाठी.