पावसाळी रवा

शेडकार्ड तीन दिवस ओट्यावर पडून आहे,
तांदळाच्या डब्याला टेकून.
एका पानावर पंचवीस पिवळे,
प्रत्येकाचं बारसं झालेलं:
शरद-सकाळ, मधुर मलई, वाळूतली वाट.
वाळूतली वाट! माझ्या स्वयंपाकघरात!
इथून तिथं साडेआठ फूट,
फ्रिजचं दार उघडलं की मी भिंतीला.

भिंत पिस्ता आहे.
म्हणजे होती, शहाण्णव साली.
तेव्हा साऱ्या राजारामपुरीत पिस्ता होता,
दवाखान्यात, पतसंस्थेत, सरनोबतांच्या जिन्यात.
आता शेगडीमागं करडा,
मिक्सरमागं तांबूस,
दर एप्रिलला वर्षाची चटणी करताना उडालेला,
सोडा, लिंबू, घासणी,
सगळ्यांना पुरून उरलेला.

इलाही मुजावर मोबाइलवर फोटो दाखवतात.
"वहिनी, आता सगळी पांढरंच मागत्यात.
एक भिंत डार्क, बाकी पांढरं."
इलाहीभाई, ह्या घरात रोज फोडणी बसते.
ते हसतात. त्यांच्याही घरात बसते.

आमचे हे गुळाच्या अडतीत चौतीस वर्षं.
सौद्याला रव्यात सुरी घातली
की कणी बघून गाव सांगायचे,
गुऱ्हाळ सांगायचे, भेंडी कमी पडली का तेही.
"रंग खोटा हाय," एवढं म्हणाले
की मार्केट यार्डात भाव पडायचा.
त्या माणसानं शेडकार्ड लांब धरलं, जवळ धरलं,
चष्मा पुसला, आणि म्हणाला,
"तुला काय पायजे ते घे."

साडीलाही हेच.
पोरांच्या नावांनाही जवळजवळ हेच.
मी म्हटलं, नाही. ह्या खेपेला तुम्ही.

मग ते डब्यातला गुळाचा खडा
वर्तमानपत्रात बांधून दुकानात घेऊन गेले.
काउंटरवर ठेवला.
कॉम्प्युटरवरचा पोरगा म्हणाला, काका, हे मशीनला चिकटंल.
"मग डोळ्यानं लाव," हे म्हणाले,
आणि तासभर उभे राहिले,
चार मुंग्या आणि एक खडा घेऊन.

इकडं इलाहीभाईंनी दारामागं पत्रा मारला
आणि हाक दिली.
पेन्सिलीच्या तारखा. सिलेंडर लावल्याच्या.
माझंच अक्षर, एके ठिकाणी धाकट्याचं लाल स्केचपेन.
मधले दिवस मी मनात मोजले:
तेवीस. सत्तावीस.
सोळा, तेव्हा नणंदेचं लग्न.
थोरली निपाणीला दिली, पस्तीस.
धाकटा होसूरला लागला, बावन्न.
शेवटच्या दोन तारखांत एकूणऐंशी दिवस,
त्यातही चहाच जास्त.

"ठेवू का वहिनी? पट्टी सोडून रंगवतो,
भोवतीनं चौकट मारून देतो. फॅशन हाय तशी."
मी चहा गाळत होते.
घासा म्हटलं.
पिस्त्याखाली निळा चुना निघाला,
आमच्या आधीच्या कुणाचा तरी.
त्या बाईनं काहीच लिहिलेलं नव्हतं,
किंवा माझ्यासारखीनं
घासा म्हटलं असेल.

रंग वाळला, आणि खड्यापेक्षा एक छटा गडद झाला.
हे अंगठ्यानं भिंत दाबून बघत होते,
सौद्यात बघावं तशी.
"पावसाळी रवा," म्हणाले. "पाणी सुटलंय.
भाव न्हाई यायचा."
दोन घोट चहा.
"खायला ग्वाड असतो मात्र."

रविवारी आमटी उकळायला आणि गॅस संपायला एकच गाठ पडली.
आता तारीख मोबाइलवर येते, मला ठाऊक आहे.
ह्यांनी नवा सिलेंडर ओढून आणला, वॉशर बघितला,
आणि न बोलता खिशातून पेन्सिल काढून ओट्यावर ठेवली,
टोक काढलेली.

इलाहीभाईंनी चार दिवस हात लावू नका म्हटलं होतं.
तिसराच दिवस.
दारामागं गेले,
आणि बोट टेकवून बघितलं, वाळलंय का.