अकरा चौकटी कमी

डबा उघडला की आधी वास येतो,
आंबूस, गोडसर, कापराचा.
कापूरच असतो त्यात.
कापूस आम्लात भिजवायचा, कापरात मळायचा,
पातळ पसरायचा, की झाली फिल्म.
तोच कापूस कापराविना नळकांड्यात ठासला
की झाली तोफेची दारू.
नव्या मुलांना हे मी पहिल्याच दिवशी सांगते,
मग ती डबे जरा हळू ठेवतात.

वेल्सच्या किनाऱ्यावरचं तळघर. सहा अंश.
वर समुद्र बांधावर आपटत असेल,
इथे फक्त पंख्याची घरघर.
डब्यावर पेन्सिलीनं: 'पलटण, विश्रांती, १९१६.'

विश्रांती म्हणजे
एक जण बादलीत पाय सोडून बसलाय,
एक जण सदऱ्याच्या शिवणीतल्या उवा
मेणबत्तीवर भाजतोय, मन लावून.
एक खेचर कुणाचंच ऐकत नाही.
दोघं कॅमेरा बघून नाचतात. वाईट नाचतात.
मरण कुठेच नाही.

मग उजवीकडून एक पोरगा. काखेत पाव.
आपल्याकडे बघतो, बावरतो,
हात टोपीकडे जातो, वर,
आणि एकदम
टोपी परत डोक्यावर, तो पाठमोरा, चाललेला.

मधलं कुठे गेलं?

भिंगाखाली धरलं. सांधा.
फाटलं असतं तर कड दातेरी असती.
ही कात्रीची, सरळ,
आणि जोड इतका सफाईदार
की नखाला लागत नाही.

पट्टी जिथून आली ते गाव स्लेटच्या खाणींचं.
तिथल्या सभागृहाची वहीही आलीय सोबत,
यंत्र चालवणाऱ्या इद्वलच्या हातची,
अक्षर मुंग्यांसारखं.

'सोमवार. पाऊस. एकशे चाळीस माणसं.
बुधवार. मिसेस प्रॉबर्ट पुन्हा. चौथा खेळ.
पाववाला पोरगा आला की उभी राहते,
मागचे ओरडतात.
गुरुवार. वर माझ्या खोलीत आली जिना चढून.
म्हणाली, थांबव त्याला. एवढंच, थांबव.
मी सांगितलं, बाई, दिव्यासमोर थांबला की पेटतो.
चालत राहिला तरच राहतो.
ती म्हणाली, हो. पण गेली नाही.'

खाली, वेगळ्या शाईत:
'गेथिन नाही तो. गेथिनबरोबर मी
सात वर्षं एका बाकावर बसलो.
त्याचे कान असे नव्हते.'

आणि शनिवारी:
'यंत्रात अडकून अकरा चौकटी जळाल्या.
कंपनीला कळवलं.
दंड माझ्या पगारातून.'

कड पुन्हा पाहिली.
काळा डाग नाही, फोड नाही, सुरकुती नाही.
जळालेली फिल्म मी चाळीस वर्षं बघतेय.

लंडनमध्ये आणखी एक प्रत आहे, धड.
साहेब म्हणाले, तिथून घ्या, भरून टाका,
आता तर शिवणही दिसत नाही.
मागवली. लावली.
अकरा चौकटी म्हणजे पाऊण सेकंदही नाही.
त्यात तो टोपी उचलतो. बस्स.
हसत नाही, हात हलवत नाही.
फक्त केस दिसतात, घामानं चिकटलेले,
कानांवर आलेले,
न्हाव्याकडे जायला झालेले.
कुणाच्याही आईला आधी तेच दिसलं असतं.

ती पट्टी तिनं कुठे ठेवली असेल?
चहाच्या डब्यात, प्रार्थनेच्या पुस्तकात,
खिडकीशी धरून बघायला हाताशी.
उबेत ठेवलेली फिल्म टिकत नाही.
आधी चित्र पिवळं पडतं, मग मधासारखं पाझरतं,
शेवटी तपकिरी भुकटी.
हेही मी मुलांना सांगते. तापमानाच्या तासाला.

जनतेसाठीच्या प्रतीत आता पोरगा
टोपी काढतो, घालतो, जातो, अडखळत नाही.
मूळ पट्टीला मी हात लावला नाही.
तिच्या नोंदपत्रात एक रकाना असतो:
'गहाळ चौकटी, कारण.'

दोन दिवस तो कोरा ठेवला.
मग इद्वलची वही उघडली समोर
आणि त्याचाच शब्द उतरवून घेतला,
जळाल्या.