शंभरचा वेग

मोदी नंबर तीनच्या गल्लीत, चष्म्याच्या दुकानावर,
लोखंडी जिना चढलं की गुंडावार सरांचा लघुलेखनाचा क्लास.
भिंतीवरच्या घड्याळात फक्त सेकंदाचा काटा चालतो,
बाकीचे दोन बारावर अडकलेले.
सर म्हणतात, आपल्याला तेवढाच पुरे.

ऐंशी मी काढली. शंभरात तीनदा नापास.
तिसऱ्यांदा सर रागावले नाहीत,
माझी पेन्सिल मागून घेतली, उजेडात धरली.
"किती दाबून लिहितेस बाई,
कागदावर काऊन राग काढून राहिली?"
बारीक रेघ म्हणजे क. तीच दाबली की ग.
घाबरलेल्या हाताचे सगळेच क
ग होऊन बसतात.

"परीक्षा विसर," म्हणाले. "रोज पहाटे दहा मिनिटं.
नऊ नाही. अकरा तर मुळीच नाही."

पहिल्या दिवशी उठली. दुसऱ्या दिवशी उठली.
तिसऱ्या दिवशी कूलरच्या तोंडाशी पडून राहिली,
मे महिना, सेहेचाळीस,
वाळ्याच्या ओल्या वासात कोणाला स्वप्नं आठवतात?
नुसती तारीख टाकून पान कोरं सोडलं.
अशी सात पानं आहेत त्या वहीत.
फाडावीशी वाटली होती. फाडली नाहीत.

पहाटे डिक्टेशन द्यायला कोण असणार मानेवाड्यात?
म्हणून जे कानावर येईल ते:
नळ आले, नळ आले, ओरडणाऱ्या उईके काकू,
रेडिओवरचे संत्र्याचे भाव,
चप्पल शोधता शोधता साऱ्या घराला शिव्या घालणारा भाऊ,
आणि आई.
कूलरमध्ये बादल्या ओतता ओतता आई बोलत असते.
मला वाटायचं, मलाच बोलून राहिली.
बेसन संपलं, शेजारच्या पोट्टीचं जमलं, असंच काहीतरी.
मी ऐकायची नाही, नुसती लिहायची.
हात तिच्या मागे पळायचा
आणि मी हाताच्या मागे.

सर म्हणाले, लिहिणं अर्धं काम.
स्वतःचं लिहिलेलं वाचता आलं तर खरं.

रविवारी बसली वही घेऊन.
आमच्या लिपीत घाईच्या वेळी स्वर गाळतात,
टिंबं मागून द्यायची, सवड मिळाली तर.
मला कधी मिळाली नव्हती.
एका ओळीवर अडली.
म, प, ण.
मापन?
मीपण?
पुढची रेघ लावून पाहिली, त्याच्या पुढची,
मग सगळी ओळ एकदम उघडली:
मी पण शिकली असती.

तारीख वीस दिवसांपूर्वीची.
वीस दिवस ते वाक्य माझ्या अक्षरात होतं.

आईला विचारलं.
"मी कधी बोलली असं? पाणी भरून राहिली होती मी."
आणि पदराला हात पुसत बसली,
कोरडे झाले तरी.

दुसऱ्या दिवशी तिच्या हाती उताऱ्यांची पुस्तिका दिली.
"सन्माननीय अध्यक्ष महोदय,"
गाऊनवर ओढणी घेऊन आई कूलरला म्हणाली,
आणि आम्ही दोघी इतक्या हसलो
की ते पान कोऱ्यातच धरावं लागलं. आठवं.

सुरुवातीला चाळीसच्या वर जायची नाही.
जोडाक्षर आलं की रस्ता ओलांडल्यासारखी थांबायची,
दोन्हीकडे बघून पुढे.
मला राग यायचा. मग माझ्या लक्षात आलं
की त्या थांबण्यात माझी टिंबं होऊन राहिली,
आणि पेन्सिल आता कागद फाडत नाही.

काल ती ब्याण्णववर वाचत होती.
मधेच अडली, "अनुषंगाने म्हणजे काय गं?"
सांगता येईना मला. शेकडो वेळा लिहिलेला शब्द.
"राहू दे," म्हणाली, आणि पुढे निघाली,
बजेट, सिंचन, पुरवणी मागण्या,
बोट ओळीखालून सरकवत, आवाज जरा चढवून,
हिवाळ्यात विधान भवनात तिलाच उभं राहायचं असल्यासारखी.

दहा मिनिटं झाली.
मोबाइल वाजला, मी तो उलटा ठेवला.
सरांना सांगणार नाही.
बादली भरून वाहत होती
आणि अकरावं मिनिट आई वाचून राहिली होती.