भांगाचं पाणी

प्लेटमध्ये शहाण्णव खळगे.
आडवं एक औषध, उभं दुसरं,
दर घराला निम्मं निम्मं होत जाणारं,
आणि सगळ्यांत तोच एक थेंब:
नमुना चारशे सतरा.
यासीन पावसकरच्या चवड्यातून आलेला,
शिंगाळ्याचा काटा गेला तिथून.

रात्रभर सदतीस अंशांवर.
मिरकरवाड्यात लिलाव सुरू होतो
तेव्हा मी प्लेट खिडकीपाशी धरते.
गढूळ. गढूळ.
तांदळाच्या धुवणासारखी घरं.
एकटं पहिलं: गढूळ.
एकटं दुसरं: त्याहून.
मग चौथ्या ओळीत, सहाव्या घरात
तळ दिसतो.
दोन्ही इतकी थोडी, की
सौदळकर मॅडम म्हणाल्या, चुकलीस, पुन्हा लाव.
तीनदा लावलं. तीनदा तळ दिसला.

आता अळ्या. देवरुखचा मधपाळ
किडलेली पोळी फुकट देतो,
एवढंच विचारतो, जगतात का?
दहांतल्या सहा जगल्या.
उरलेल्या काळ्या पडल्या.
मेलेली मेणअळी काळीच पडते,
नाडी बघावी लागत नाही.

पण प्लेटमधलं पाणी उभं असतं,
माणसातलं वाहतं.
म्हणून ही तिसरी मांडणी:
केसाएवढ्या पोकळ तंतूंचा जुडगा,
एक पंप औषध आत लोटतो,
दुसरा मूत्रपिंडासारखा
हळूहळू काढून घेतो.
अठराव्या तासाला औषध उतरलं
आणि ओहोटीच्या खाजणात निवट्या निघाव्यात
तसे जंतू वर आले.
मी आलेख काढला, भिंतीला चिकटवला,
आणि डबा न खाता घरी गेले.

यासीन ड्रेसिंगला आला तेव्हा
दोन बोटं कोल्हापुरात ठेवून आला होता.
दारातून म्हणाला, माझं जनावर बघायचंय.
दाखवायला काय होतं? आलेख होता.
त्याने चष्मा पुसला, रेघेवर बोट फिरवलं.
ही भरती, ही ओहोटी. बरोबर?
पण पाणी भांगाचं आहे, बाई.
उधाणाचं नाही.
मागच्या बांधापर्यंत जायचंच नाही हे.
आणि दुसरं पाणी सोडता तोवर
पहिलं निघून गेलेलं.

मी काही बोलले नाही.
मॅडमनीही त्या संध्याकाळी नुसतं
पंपाचं वेळापत्रक पुन्हा लिहिलं:
पहिला डोस वाढवला,
दुसरा सहा तास अलीकडे.

चोविसाव्या तासाला सात वसाहती.
शून्य नाहीत. सात.
पण बोटाने मोजता येतात इतक्या.
अहवालात 'आशादायक' लिहिलं होतं,
मॅडमनी तो शब्द खोडला, 'सात' ठेवलं.

यासीन आता जाळी विणतो, काठावरच.
चारशे सतरा माझ्याकडे आहे,
उणे ऐंशी अंशांवर, धडधाकट,
दहाही बोटं असल्यासारखा.
लाईट जाते तेव्हा
जनरेटर आधी त्याच्यासाठी लागतो.