इतर

साकीनाक्याच्या आठव्या मजल्यावर
मी बटणांना नावं ठेवायचो,
बरणी न उघडताच
तिच्यावर चिठ्ठी चिकटवावी, तशी.

'निष्पादन करा.' 'संरूपण.' 'प्रगत पर्याय.'
शब्दकोश मांडीवर, मुदत मानेवर.
आणि जे कुठेच बसेना
त्याच्यासाठी सगळ्यात खालचा रकाना : 'इतर'.
घराघरात माळ्यावर एक पेटी असते ना,
तसा.

मग मला वेसाव्याला धाडलं,
मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत,
नवी आवृत्ती लोकांना कशी वाटते ते बघायला.
काउंटरला हेमकला टपके :
डिझेल, बर्फ, उचल, वजावट,
सत्तर होड्यांचा हिशेब बोटांच्या पेरांवर.
मी खुर्ची ओढली. म्हटलं, मी इथे नाहीच असं समजा.
"बरं," त्या म्हणाल्या, "मग चहा एकच सांगते."

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात
चिकटपट्टीचा तुकडा, वर पेनानं फुली.
खाली माझंच 'निष्पादन' होतं.
कुणीतरी एकदा दाबलं
आणि चालू महिना बंद झाला म्हणे, तारीख नऊ असताना.

दुपारी एक बाई आली, टोपली दाराबाहेर ठेवून,
ओले हात काचेपासून लांब धरून :
"माझी उधारी किती उरली गो?"
हेमकलाबाई एकेक नोंद खाली सरकवत गेल्या,
पाठकोऱ्या कागदावर आकड्याखाली आकडा,
हातचा वर बारीक लिहून,
बेरीज, परत बेरीज,
चिठ्ठी फाडून दिली.
अकरा मिनिटं. मागे चौघीजणी.

रोज असंच?
"सात वर्षं. तुमच्या मशीनला हे येत नाही ना."

येतं.

मी लगेच बोललो नाही.
येतं, बाई, पहिल्या दिवसापासून येतं.
'इतर', त्यात 'प्रगत पर्याय',
त्यात 'खातेनिहाय शिल्लक दायित्व विवरण निर्मिती'.
मीच लिहिलंय. एका शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीआधी.
काखेत कळसा म्हणतात,
पण काख त्यांची होती
आणि कळसा झाकणारा मी.

दाखवलं. तीन टिचक्या, प्रिंटर कुरकुरला,
कागद आला.
त्यांनी तो वहीशी ताडून पाहिला, ओळ न् ओळ.
जुळला.
आता रागावतील, म्हणून मी मान खाली घातली.
"ह्याला काय म्हणता तुम्ही?"
मी वाचून दाखवलं. मधे एकदा श्वास घ्यावा लागला.
"आणि ती आत्ता काय म्हणाली?"

मग बाहेर बोट दाखवून :
"तिची टोपली बघा. बोंबील आहे तर वर बोंबीलच दिसतो.
तळाला ठेवून वर फडकं टाकलं
तर गिऱ्हाईक विचारत बसेल होय?"

आठव्या मजल्यावर बैठक.
कुणी म्हणालं, 'उधारी' जरा बाजारू वाटतं.
मी म्हटलं, बाजारच आहे.
कुणी म्हणालं, मग बाकीच्यांशी मेळ कसा राहणार?
त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही.
तरी पहिल्या ओळीत, उघड्यावर, बसलं :
'उरलेली उधारी दाखवा'.
'निष्पादन'चं झालं 'महिना बंद करा',
आणि दाबलं की आधी ते विचारतं, कुठला.

त्या रात्री मी एकटाच 'इतर' उघडून बसलो.
एकोणचाळीस गोष्टी होत्या आत.
सहा काय करतात ते मलाही आठवेना.
एकीचं नाव नुसतं 'विविध'.

पंधरा दिवसांनी वेसाव्याहून फोन.
"सापडलं हो. शोधावं लागलं नाही.
पट्टी काढली कोपऱ्यातली, डाग राहिलाय.
वही मात्र चालूच ठेवलीय."

का पण?

"तुम्ही परत नाव बदललंत तर?"